तरंगणारे फुप्फुस आणि आरोपी माता

(उमरखेड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहिरीत अथवा उकिरड्यावर नवजात अर्भकाचे प्रेत सापडले की गाव प्रथम आईचा शोध घेते. बापाचा शोध कोणी घेत नाही. मग पंचनामा होतो आणि एका निराधार मुलीचे आयुष्य एका प्रश्नावर येऊन ठेपते : मूल जिवंत जन्मले होते की मृत? मृत जन्मले असेल तर खुनाचा आरोप टिकत नाही; फार तर जन्म लपविल्याचा, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा उरतो. जिवंत जन्मले असे ठरले तर पुढे जन्मठेप, प्रसंगी फाशी.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सतराव्या शतकात जर्मनीत न्यायालयापुढे आलेल्या एका परीक्षेवर अवलंबून असते. फुप्फुसे पाण्यात टाकायची. तरंगली तर मुलाने श्वास घेतला, बुडाली तर नाही. परंतु प्रेत कुजू लागले की मृत जन्मलेल्या मुलाचे फुप्फुसही वायूमुळे तरंगते. सुइणीने तोंडाने हवा फुंकली असली तरी ते तरंगू शकते. शिवाय मुलाने श्वास घेतला होता एवढ्याने आईने त्याला मारले हे सिद्ध होत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने हा इशारा 1783 सालीच दिला होता.

तज्ज्ञ नामवंत असला म्हणजे चूक टळते असेही नाही. इंग्लंडमध्ये 1999 साली सॅली क्लार्कला दोन मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. एका घरात असे दोन मृत्यू नैसर्गिकपणे घडण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक, असे प्रा. रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले होते. तो हिशेब चुकीचा होता; जंतुतपासणीचा महत्त्वाचा अहवालही बचावापासून दडलेला राहिला होता. 2003 साली ती निर्दोष सुटली. ती स्वतः वकील होती. तरी तीन वर्षांवर काळ तुरुंगात गेला. मग पैनगंगेकाठच्या मजूर मुलीची काय कथा?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1863 साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला 1881 साली अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली. त्या प्रकरणाच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. इंग्लंडने 1922 साली प्रसूतीने मन ढळलेल्या मातेसाठी निराळा, सौम्य गुन्हा मानला. भारतात 2024 साली नवी न्यायसंहिता लागू झाली, तीतही अशी तरतूद नाही.

यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभर किलोमीटरच्या आसपास. शवविच्छेदनाचा भार बहुधा ग्रामीण रुग्णालयातील साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यावरच पडतो. दोष त्याचा नव्हे. त्याच्या मताला ब्रह्मवाक्य मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे. साक्ष अधिनियमाच्या दृष्टीने तज्ज्ञाचे मत हे केवळ मतच असते. त्यामागील कारणे तपासणे हे न्यायालयाचे काम.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा मुलीला एकटी सोडू नये. प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वकिलाने विचारावे : प्रेत कुजले होते काय? यकृताचा तुकडाही पाण्यात टाकून पाहिला काय? तोही तरंगला असेल तर फुप्फुसाच्या तरंगण्याला काय अर्थ?

फुले दांपत्याने आसरा दिलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत पुढे डॉक्टर झाला. आई आणि मूल दोघेही वाचू शकतात, ते वेळीच उघडलेल्या दारामुळे. असे दार तालुक्यातालुक्यात उघडणे, हेच पुढचे काम आहे.