दातांना घरचं रबर लावू नका

आज आम्ही गटातल्या बायका एका रबराबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी दहावीत आहे. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. दोन्ही दातांना मिळून बारीक रबर अडकवलं की फट मिटते, असं तिने मोबाईलवर पाहिलं आणि वेणीचं रबर लावलं. आठ दिवसांत दात जवळ आले, पोरगी खूश. एका सकाळी रबर दिसेना. झोपेत गिळलं असेल, असं तिला वाटलं. दोन महिन्यांनी हिरडी सुजली, पू येऊ लागला, दात लांब दिसू लागले आणि हलायला लागले.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, तेव्हाही लाजेपायी ती रबराचं बोलली नाही. असं रबर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. आईने खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. दात मुळाकडे निमुळता असतो. म्हणून रबर सरकत सरकत हिरडीच्या आत जातं आणि दाताभोवतीचं हाड झिजवतं. डॉक्टरांनी हिरडी उघडून रबर काढलं, दात शेजारच्या दातांना बांधले. ते किती वर्षं टिकतील, आज सांगता येत नाही.

मग डॉक्टरांच्या तारेने दात कसे सरकतात? हलक्या, मोजक्या दाबाने एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. त्याला बहुधा दीड-दोन वर्षं लागतात. घाई केली तर हाड भरायला वेळच मिळत नाही. जबड्याला आकार देतो म्हणून चावायचे रबरी गोळेही विकतात. वाढ पूर्ण झालेल्या माणसाचं हाड त्याने बदलत नाही. कानाजवळचा सांधा मात्र दुखू शकतो.

तर एवढं लक्षात ठेवा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांतली फट पुष्कळदा अकरा-बारा वर्षांला सुळे आले की आपोआप मिटते. मूल पाच वर्षांचं झालं तरी अंगठा चोखत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, दात फार पुढे असतील, तर दाखवून घ्या. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्यांना दातही दाखवा. आणि कोणी रबर लावलं असेल, ते दिसेनासं झालं असेल, तर त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि रबराचं आधी सांगा.

शेवटी आमची चूक. "फट आहे, लग्नात विचारतील," हे त्या पोरीला मोबाईलने नाही, आमच्याच बैठकीत आम्ही हसत हसत म्हटलं होतं. आता आमच्या गटात पोरींच्या रूपावर बोलणं बंद आहे. तुमच्याही गटात हा विषय काढा.