पालकांचा खेळ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दिलेले भाषण)



मुलांनी मोबाइलवर खेळावे की नाही, या प्रश्नाची चर्चा शिक्षकांच्या सभांतून पुष्कळ झाली आहे. आजचा विषय त्या प्रश्नाच्या शेजारचा आहे. मुलाचे आईवडील स्वतः पडद्यावरील खेळ खेळतात, त्यात रमतात. कधी एकटे रमतात, कधी मुलाबाळांना घेऊन रमतात. त्यांच्या या आनंदाकडे शाळेने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु पालकसभेत घडणारा एक प्रकार डोळ्यांपुढे आणावा. मूल अभ्यास करीत नाही अशी तक्रार निघते, मोबाइलचे नाव येते आणि एखादे मूल भाबडेपणाने सांगून टाकते की, "बाबाच रात्री गेम खेळतात." सभेत हशा पिकतो. पालक मान खाली घालतो आणि पुढच्या सभेस येत नाही. शाळेचे हे नुकसान लहान नव्हे. ज्याच्याशी मुलाच्या अभ्यासाविषयी बोलावयाचे, तो पालकच दुरावला, तर उपदेश कितीही योग्य असला तरी तो ऐकावयास समोर कोणी उरत नाही.

खेळ मुलांचा आणि काम मोठ्यांचे, अशी वाटणी आपल्या समाजाने कधीच केली नव्हती. मंगळागौरीच्या रात्री झिम्माफुगडीने घर दणाणून सोडणाऱ्या स्त्रिया दिवसभर घरकामात राबलेल्याच असत. पावसाची झड लागली की देवळाच्या ओसरीत पत्त्यांचा डाव बसे. सावंतवाडीच्या कारागिरांनी गोल गंजिफा हातांनी रंगविल्या, त्या मोठ्या माणसांच्याच हाती खेळत. सारीपाटाच्या सोंगट्या आजोबा आणि नातू मिळून हलवीत. मोक्षपटाचा खेळ तर परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. तेव्हा कष्ट करून घरी आलेल्या माणसाने घटकाभर खेळावे, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साधन बदलले, विसाव्याची गरज तीच आहे.

अर्थात साधन बदलल्यामुळे काय बदलले, तेही पाहिले पाहिजे. त्यासाठी या खेळांचा थोडा इतिहास शिक्षकास माहीत असलेला बरा.

१९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या पदार्थवैज्ञानिकाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी, ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. दोघांनी दोन पेट्या हाती घ्यावयाच्या आणि प्रकाशाचा ठिपका जाळीपलीकडे टोलवावयाचा, एवढाच तो खेळ. परंतु तो पाहण्यासाठी रांग लागली. पुढे १९६६ साली राल्फ बेअर या अभियंत्याने घरच्या टेलिव्हिजनवर खेळता येईल अशा यंत्राची कल्पना कागदावर उतरविली. हा गृहस्थ नाझी राजवटीत ज्यू कुटुंबांचे जिणे अशक्य झाल्यामुळे १९३८ साली किशोरवयात जर्मनीतून अमेरिकेस आलेला होता. त्याच्या कल्पनेतून 'ओडिसी' नावाचे यंत्र १९७२ साली बाजारात आले. त्यातील टेबलटेनिस खेळावयास दोन माणसे लागत, कारण यंत्राला स्वतः प्रतिस्पर्धी होता येत नसे. गुण मोजण्याचीही सोय त्यात नव्हती. गुण खेळणाऱ्यांनीच मोजावयाचे आणि परस्परांवर विश्वास ठेवावयाचा. पडद्यावरील खेळाचा घरात प्रवेश झाला, तेव्हा त्या खेळात माणसाला माणूस लागत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर यंत्रे हुशार झाली. १९७८ साली जपानात निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात शत्रूंच्या रांगा यंत्रच पुढे आणी. १९८४ साली मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह याने 'टेट्रिस' रचला. चार चौकोनांच्या सात आकृती एकामागून एक वरून खाली येतात. त्या नीट बसवून ओळ भरली की ती ओळ नाहीशी होते. अशा खेळास सोबती लागत नाही. परंतु सोबत्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. सोबती दमतो, त्याला भूक लागते, "पुरे आता" म्हणून तो उठतो आणि खेळ आपोआप थांबतो. यंत्र दमत नाही. थांबण्याचे काम त्या दिवसापासून एकट्या खेळणाऱ्यावर येऊन पडले.

खेळाला पुन्हा कुटुंबाकडे आणण्याचा प्रयत्नही झाला. क्योटो शहरात १८८९ साली हातांनी बनविलेल्या पत्त्यांच्या धंद्याने सुरू झालेल्या निन्टेन्डो या कंपनीने २००६ साली, सातोरू इवाता हे तिचे अध्यक्ष असताना, 'वी' हे यंत्र काढले. त्याच्या इंग्रजी नावाचा उच्चार 'आपण' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच आहे. हातातील कांडी बॅटसारखी फिरविली की पडद्यावरील खेळाडू चेंडू मारी. म्हणून जे आजोबा बटणांना भीत, तेही नातवासमोर उभे राहू शकले. या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले. आपल्याकडे नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' हा खेळ मोबाइलवर आणला. लुडो म्हणजे आपल्याच पचिसीचे इंग्लंडास जाऊन आलेले रूप. २०२० च्या टाळेबंदीत, माणसे जिथल्या तिथे अडकली असताना, या खेळाचा प्रसार अतिशय वाढला. मुंबईत अडकलेला मुलगा आणि गावी असलेली आई एकाच पटावर सोंगट्या हलवू शकत होती. त्या दिवसांत अशा पटाने किती घरे जोडून ठेवली असतील, याची कल्पना प्रत्येकास करता येईल.

आता पालकाच्या एकट्याच्या खेळाकडे वळू. दूध संकलन केंद्रावर पहाटेपासून उभा असलेला बाप किंवा मजुरीवरून येऊन स्वयंपाक उरकणारी आई रात्री पंधरा मिनिटे रंगीत आकृती जुळवीत बसते, तेव्हा तिला काय मिळते? दिवसभराची बहुतेक कामे अपुरी राहणारी असतात. भांडी घासली तरी उद्या पुन्हा पडतात. खेळातील ओळ मात्र पुरी होते आणि पुरी झाल्याचे लगेच दिसते. मन एका जागी गुंतते आणि काळज्या थोड्या वेळापुरत्या दूर होतात. हा लाभ खरा आहे व तो नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु पंधरा मिनिटांचे दोन तास कसे होतात, हेही समजून घेतले पाहिजे. २०१२ साली निघालेल्या 'कँडी क्रश' या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात खेळणाऱ्यास पाच जीव मिळतात. डाव हरला की एक जातो आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत मिळतो. वरवर पाहता ही विश्रांतीची सोय दिसते. प्रत्यक्षात मन त्या अर्ध्या तासाची वाट पाहू लागते, अथवा वाट पाहणे नको म्हणून पैसे देऊन जीव विकत घेते. रचना विचारपूर्वक केलेली असते, तेव्हा तिच्यात गुंतणारा माणूस मुळातच दुबळा आहे असे समजणे चूक होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे. तीही सामान्यतः वर्षभर टिकलेली आणि घर, काम, नातेसंबंध बिघडविणारी असावी लागतात. यावरून दोन बोध होतात. हा विकार खरा आहे. आणि रात्री घटकाभर खेळणारा प्रत्येक पालक विकारग्रस्त नाही.

कुटुंबाबरोबरच्या खेळाचे मोल याहून वेगळे आहे. लुडोचा पट मांडून चौघे बसली म्हणजे सहा पडल्यावाचून सोंगटी बाहेर निघत नाही, हा नियम बापाला आणि दुसरीतील मुलीला सारखाच लागू होतो. घरात बापाचा शब्द चालतो. फाशापुढे तो चालत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सोंगटी मारली गेली तरी न रुसणे, जिंकल्यावर हिणवू नये हे समजणे, हे धडे पाठ्यपुस्तकातून सांगण्यापेक्षा तेथे अधिक सहज मिळतात. शिवाय पडद्यावरील खेळात आणखी एक विशेष घडतो. पुष्कळदा तो मुलालाच अधिक चांगला येतो. "बाबा, तिथे नाही, इथे दाबा," असे मूल सांगते आणि बाप ऐकतो. शिकविणाऱ्याच्या जागी बसण्याचा मान ज्या मुलाला घरात मिळाला, ते वर्गातही उत्तर देण्यास कमी भिते. मोठे माणूस चुकते, हसते आणि पुन्हा प्रयत्न करते, हे मुलाने डोळ्यांनी पाहणे हे तर शिक्षणच आहे. खेळ कळलेल्या पालकास मर्यादा घालणेही सोपे जाते. "हा डाव झाला की बंद" हे वाक्य डाव म्हणजे काय हे जाणणाऱ्याच्या तोंडून आले, तर मुलास ते पटते; डावाच्या मध्येच हिसकावलेला मोबाइल मात्र केवळ राग मागे ठेवतो.

या विवेचनाचा विपर्यास होऊ नये. पडद्यावरील टेनिसने विटीदांडूची आणि लगोरीची जागा घेऊ नये. अंगास घाम आणि पायास माती लागलीच पाहिजे. अंगणवाडीच्या वयाच्या बालकांविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे मार्गदर्शन स्पष्ट आहे: एक वर्षाच्या आतील बालकास पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी तितके चांगले. आणि जेथे पैसा लावला जातो, तेथे खेळाची भाषा संपली असे समजावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तो उगाच नव्हे. बियाण्यासाठी ठेवलेली रक्कम पडद्यावर गेली, तर त्या घरातील मुलाची वही आणि मुलीचे पुढचे शिक्षण दोन्ही धोक्यात येतात.

मग शिक्षकाने करावे काय? पहिली गोष्ट, पालकसभेत कोणाच्याही घरच्या खेळाचा उल्लेख नावानिशी होऊ देऊ नये. मूल बोलून गेले तर शिक्षकाने हसून, "खेळतात ना? मग तुला सोबत घेतात का?" एवढे विचारावे. हशा थांबेल आणि पालकास उत्तर देता येईल.

दुसरी गोष्ट, पालकाशी एकांतात बोलताना तीन साधे प्रश्न पुरेत. खेळ ठरलेल्या वेळी थांबतो का? त्यात पैसा जातो का? खेळामुळे झोप, काम किंवा मुलाशी बोलणे बुडते का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि उरलेल्या दोहोंचे नकारार्थी असेल, तर उपदेशाची गरज नाही. उत्तरे उलट आली, तर दूषण न देता मदतीचा मार्ग दाखवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलता येते. मानसिक आरोग्यासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

तिसरी गोष्ट, अनेक घरांत मोबाइल एकच असतो. ज्या वेळी मुलास अभ्यासासाठी तो हवा, ती वेळ मुलाची, असा करार घरातच व्हावा असे सुचवावे. वडील माणसाने आपला डाव सोडून मोबाइल मुलाच्या हाती दिला, तर त्या एका कृतीने मुलास अभ्यासाचे मोल जितके कळेल तितके दहा भाषणांनी कळणार नाही.

चौथी गोष्ट, आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील सर्वांनी मिळून खेळावे असे पालकांस सांगावे. खेळ पडद्यावरचा असो, पत्त्यांचा असो वा सागरगोट्यांचा असो. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याविषयी चार वाक्ये लिहून घ्यावीत. भाषेचा पाठ होईल आणि घराची ओळखही होईल. ज्या घरात मोबाइल नाही, त्या घरचे मूल यात कोठेही मागे पडणार नाही, याकडे लक्ष असावे.

घर आणि शाळा यांच्यामध्ये मूल रोज ये-जा करते. घरचा आनंद शाळेत सांगण्याजोगा वाटला, तर ती वाट त्याला जवळची होते. लपवावासा वाटला, तर लांबची होते. पालकाचा खेळ मोजका असावा, बिनपैशाचा असावा आणि शक्य तेव्हा मुलांसोबतचा असावा, एवढा आग्रह शिक्षकांनी धरावा; आणि तो धरताना पालकाचा मान राखावा, इतकीच विनंती.