ज्याचं माप त्याच्या पदरात



वाटूरला असताना इंग्रजीच्या सरांनी एकदा फळ्यावर लिहिलं होतं, 'गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू'. म्हणजे सैतानालाही त्याच्या वाट्याचं श्रेय द्या. आम्ही हसलो. सर म्हणाले, "आवडत्या माणसाचं कौतुक कुणीही करतं. न आवडणाऱ्याचं करून दाखवा."

पुढे मोल्सवर्थचा कोश हाती आला, तेव्हा ते वाक्य आठवलं. मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी कँडी बंधू ही परक्या सत्तेची माणसं. तरी आपले शब्द जपल्याचं श्रेय त्यांना द्यावंच लागतं. पण त्या कामात मराठी शास्त्रीही राबले होते. त्यांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे 'गिट' नावाची प्रणाली आहे. प्रोग्रॅमची कुठली ओळ कुणी लिहिली, याची नोंद तिच्यात राहते. ती नोंद पाहायच्या आज्ञेचं नाव मात्र 'ब्लेम'. चूक कुणाची हे शोधायला सगळे ती वापरतात. शाबासकी कुणाची हे शोधायला क्वचितच कुणी.

आपल्या वर्गात अशी नोंद नव्हती, म्हणून आज मीच करते.

दहावीत पहिल्या नंबरावरून माझं एका मुलीशी अजिबात पटत नसे. वर्तुळाचं एक उदाहरण कुणालाच सुटत नव्हतं. मधल्या सुट्टीत तिची वही बाकावर उघडी दिसली. केंद्रातून जीवेवर तिने लंब टाकला होता. पुढच्या तासाला मी तोच फळ्यावर काढला. सरांनी पाठ थोपटली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती काहीच बोलली नाही.

मी इंजिनिअर झाले. तिचं शिक्षण दहावीनंतर थांबलं. ते त्या उदाहरणामुळे थांबलं, असं नाही. पण घरच्यांना सांगायला तिच्याजवळ ती एक शाबासकी तरी असती.

आज सकाळी चहाच्या वेळी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं गं."

गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तो लंब तिचा होता. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची शाबासकी आज तिला द्या.