एक चित्र शिल्लक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



सिलतऱ्याच्या स्पाँज आयर्न कारखान्यांची काळी धूळ आपल्या खिडक्यांना चुकली नाही, तशी आमच्या जुन्या ऑलिंपस ३५ आरसीलाही नाही. १९७० साली निघालेला हा जपानी कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. त्याच्या खिडकीतून पाहता चेहऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या, की अंतर जुळले. आरतीच्या मंद उजेडात आमचे हे जुळवणे रेंगाळते, आणि मुले तोवर पसार होतात! शटर मात्र इतके हळू वाजते, की गाणाऱ्याची तान मोडत नाही. प्रकाशमापकाचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. शटर यांत्रिक असल्याने आम्ही उजेडाचा अंदाज बांधून काम भागवतो; कधी चुकतोही.

रोळात चित्रे ३६. गणेशोत्सवात ३५ संपली. उरलेले एक आम्ही मुद्दाम राखले आहे. आमच्या शेजारच्या काकू उद्या कायमच्या नागपूरला, मुलाकडे निघाल्या आहेत. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काकू, भाषण संपल्यावर क्षणभर थांबावे. आणि दारापाशी या, तिथे उजेड बरा आहे.