पदवी आपल्या इतिहासाची, आणि पोटाचं काय?



अमेरिकेत चिकानो आणि लॅटिनो अभ्यासाची पदवी मिळते. ती घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना पहिला सवाल ठरलेला : हे शिकून करणार काय? पोट भरेल का? मी मॅट्रिक, गोदीत माल उचलतो. पोटाचा सवाल मला हलका वाटत नाही. पण या सवालाच्या पोटात दुसराच सवाल दडलाय : तुमचा इतिहास हा शिकण्यालायक इतिहास आहे का? आपल्यालाही हा सवाल ओळखीचा आहे. म्हणून आज बोलतोय.

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. १८४८ साली मेक्सिको युद्ध हरला आणि त्याचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेनं गिळला. हद्द सरकली, माणसं होती तिथंच राहिली आणि स्वतःच्या मुलखात परकी झाली. पुढं पोट घेऊन हद्द ओलांडून आलेले लाखो लोक त्यांच्यात मिसळले. 'चिकानो' हा हिणवायचा शब्द. साठीतल्या पोरांनी तोच उचलून छातीवर लावला.

ही पदवी कुणी दान म्हणून दिली नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. आमचा इतिहास शिकवा, आमच्यातले शिक्षक द्या, आम्हाला नुसतं हातकामाकडं ढकलू नका, या त्यांच्या मागण्या. पाठीशी उभ्या राहिलेल्या साल कास्ट्रो या मास्तराला अटक झाली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅल स्टेट विद्यापीठात हा अभ्यास सुरू झाला. १९६९ मध्ये सांता बार्बराला विद्यार्थी-शिक्षक जमले आणि त्यांनी जाहीरनामा लिहिला. सार एवढंच : विद्यापीठानं वस्तीला जबाब द्यावा. या पदवीच्या नोकऱ्यांचा नकाशा तिथंच काढला गेला.

हा नकाशा कुठं जातो ते एका केसवरून सांगतो. सत्तरीच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या मेक्सिकन बायांपुढं इंग्रजी कागद सरकवले गेले. सही घेतली आणि नसबंदी केली. कित्येकींना कागदावर काय लिहिलंय हेच कळलं नव्हतं. १९७५ मध्ये दहा बाया कोर्टात गेल्या. त्यांची वकील अँतोनिया एर्नांदेझ, मेक्सिकोत जन्मलेली, पूर्व लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली. आधी इतिहास शिकली, मग कायदा. १९७८ मध्ये निकाल बायांच्या विरुद्ध गेला. पण या लढ्यानंतर नियम बदलले. संमतीचा कागद बाईला कळेल अशा भाषेत हवा, सही आणि शस्त्रक्रिया यांच्यात मुदत हवी.

आता विचार करा. त्या खाटेशी वस्तीची भाषा आणि वस्तीचा इतिहास जाणणारी एक नर्स, एक दुभाषी, एक समाजसेविका असती तर? तीच ती नोकरी. जिथं आपला माणूस कागदापुढं मुका होतो, तिथं ती नोकरी आहे.

पण खोटी आशा लावणार नाही. नुसत्या पदवीवर दार उघडत नाही. गोणी उचलायला आकडा लागतो, तसं पदवीबरोबर दुसरं हत्यार लागतं. सरकारी शाळेत शिकवायचं तर शिक्षकाचा परवाना. वकील व्हायचं तर आणखी तीन वर्षं कायदा. कोर्टात दुभाषी व्हायचं तर वेगळी परीक्षा. वकील न होताही एक वाट आहे : सरकारमान्य सेवाभावी संस्थेतर्फे अधिकृत प्रतिनिधी बनून स्थलांतरितांच्या केसेस लढवता येतात. कामगार युनियनला संघटक लागतात, ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना आपले कागद ओळखणारी माणसं लागतात. प्राध्यापकीची वाट सगळ्यात लांब. पीएचडी करूनही कित्येक जण तासावारी शिकवतात, पुढच्या सत्राची शाश्वती नाही. आमच्या बदली कामगारासारखंच. फक्त अंगात कोट.

आणि या नोकऱ्या राजकारणावर तगतात. ॲरिझोनानं २०१० मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१२ मध्ये टूसॉनच्या शाळांतले मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग बंद पाडले. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशानं सांगितलं, यामागं वंशद्वेष होता. पण मधली वर्षं गेली ती गेली. उलट कॅलिफोर्नियात २०२० च्या कायद्यानं कॅल स्टेटच्या विद्यार्थ्यांना वांशिक अभ्यासाचा एक विषय सक्तीचा झाला, म्हणजे शिकवणारे लागले. २०२१ मध्ये हायस्कूलसाठीही कायदा झाला, पण सरकार पैसा देईल तरच, अशी मेख मारून. रस्त्यावरची माणसं घरी गेली की वर्गातल्या खुर्च्या हलायला लागतात.

आपल्याशी याचा संबंध? याच कॅल स्टेटनं जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. तिथं शिकणाऱ्या दलित पोरांनी तोंड उघडलं आणि इतरांनी साथ दिली तेव्हा हे झालं.

शेवटी एक भीती बोलून दाखवतो. वस्तीच्या नावानं पदवी घ्यायची, वस्तीच्या दुःखावर खुर्ची मिळवायची आणि वस्तीला विसरायचं, असे दलाल तिकडंही निपजतात, इकडंही. म्हणून 'काय नोकरी मिळेल' एवढंच विचारू नका. त्या टेबलामागं बसल्यावर समोर उभ्या राहिलेल्या आपल्या बाईला तुम्ही कागद वाचून दाखवणार, की नुसती सही घेणार? पदवीची खरी परीक्षा तिथं आहे.

जय भीम.