टॅली कुणाची?

(देवळाली कॅम्प इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईहून आलोय. बंदरात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. रात्रपाळी मारून सकाळची गाडी धरली, त्यामुळं मध्येच जांभई आली तर राग मानू नका. शिक्षण दहावी. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता म्हणणार नाही. आज हिशेब बोलणार आहे. सरकार समाजशास्त्राच्या संशोधनावर, सर्वेक्षणांवर, पाहण्यांवर जो पैसा ओततं, त्याचा हिशेब. तुम्ही म्हणाल, ह्या हमालाला समाजशास्त्राचं काय पडलंय? पडलंय. डॉक्टरकीच्या पोरांना चिरफाड शिकायला बेवारस मढं लागतं, तशी यांना आपली वस्ती लागते.

माझे मामा इथंच कॅम्पात राहतात. पुढच्या रांगेत बसलेत. आयुष्यभर सफाईचं काम केलं त्यांनी. त्यांच्या दारात आजपर्यंत तीनदा फॉर्म आले. घर कच्चं की पक्कं, संडास आहे का, जात कोणती, पोटजात कोणती, पोरं कितवीपर्यंत शिकली. तीनदा मामांनी सगळं सांगितलं, तीनदा सही केली, मामीने तीनदा चहा ठेवला. एकदाही कुणी परत येऊन सांगितलं नाही की, बाबा रे, तुझ्या उत्तराचं पुढं हे झालं. मामा म्हणतात, "जाऊ दे रे, त्यांचं पोट असंल त्याच्यावर."

खरंय मामा, पोट असतंच. माझंही होतं. बंदरात काम बसलं होतं तेव्हा दोन महिने मी एका एजन्सीचे फॉर्म भरले. वर सरकारी खातं. खात्याने काम दिलं संस्थेला, संस्थेने एजन्सीला, एजन्सीने सुपरवायझरला आणि सुपरवायझरने मला. फॉर्ममागे पैसे. मोबाइलवर प्रश्न दिसायचे. एका बाईला विचारलं, आठवड्यातून किती दिवस डाळ खाता? ती म्हणाली, "कंच्या आठवड्यात?" ह्या उत्तराला रकानाच नव्हता. सुपरवायझर म्हणाला, तीन टाक आणि पुढं सरक. मी तीन टाकलं. दोस्तांनो, ते तीन आता कुठल्यातरी जाडजूड रिपोर्टात सरासरी होऊन बसलं असेल. त्या बाईचा मी गुन्हेगार आहे, हे आधी कबूल करतो आणि मग दुसऱ्यांवर बोट दाखवतो. शेवटच्या पंधरवड्याचे पैसे मला मिळालेच नाहीत, पण ते राहू द्या.

आता मोठा ठेका बघा. २०११ साली केंद्राने सामाजिक, आर्थिक आणि जातगणना काढली. मंजूर खर्च ४,८९३ कोटी ६० लाख. १९३१ नंतर पहिल्यांदा देशभर घराघरात सगळ्यांना जात विचारली. गरिबीचे आकडे २०१५ साली बाहेर काढले, जातीचे आत ठेवले. २०२१ साली महाराष्ट्र सरकार ओबीसींचे आकडे मागायला सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा केंद्राने प्रतिज्ञापत्र टाकलं की आकडे वापरण्याच्या लायकीचे नाहीत. देशभरातून ४६ लाखांवर जातींची नावं आली म्हणे. एकट्या महाराष्ट्रात यादीवर जाती ४९४, आणि मोजणीत निघाल्या ४,२८,६७७! मला हसू येत नाही, कारण हे कसं होतं ते मी पाहिलंय. कुणी आडनाव सांगतं, कुणी पोटजात, कुणी कुळी, आणि फॉर्मवाला ऐकू येईल तसं लिहितो. चूक झाली ती झाली, पण मग ती निस्तरायची की नाही? २०१५ साली वर्गवारी करायला तज्ज्ञांची समिती ठरवली. अध्यक्ष ठरले, सभासद नेमलेच नाहीत. समिती एकदाही बसली नाही. जवळपास पाच हजार कोटींचं संशोधन, आणि ते उलगडायला चार खुर्च्या मांडायची दानत नाही.

बरं, सरकारला जमत नाही असं आहे का? २०२४ साली २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी ह्या अकरा दिवसांत राज्य मागासवर्ग आयोगाने दीड कोटीहून जास्त कुटुंबांची पाहणी केली. १६ फेब्रुवारीला अहवाल सादर झाला, २० फेब्रुवारीला विधिमंडळात मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर. गरीब मराठ्याशी माझं भांडण नाही. तो माझ्याबरोबर त्याच धक्क्यावर घाम गाळतो. मी फक्त वेग दाखवतोय. गरज सत्तेची असली की संशोधन एक्स्प्रेसने धावतं. आपली असली की मालगाडी साइडिंगला.

आणि आकडा उलटा निघाला तर? देवनारला लोकसंख्याशास्त्राची मोठी संस्था आहे, केंद्राच्या आरोग्य खात्याखालची. देशाची कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते. २ ऑक्टोबर २०१९ला देश हागणदारीमुक्त झाल्याचा डंका पिटला गेला. त्यानंतर २०१९–२१च्या पाहणीत निघालं की १९ टक्के घरं संडास वापरतच नाहीत. जुलै २०२३मध्ये संस्थेचे संचालक निलंबित. सरकार म्हणालं, भरतीत गैरप्रकार झाले. वर्तमानपत्रांत आलं की आकडे सरकारला रुचले नव्हते. संचालकाची ही गत, तर फॉर्ममागे पैसे घेणाऱ्याने "तीन" सोडून दुसरं काय टाकायचं?

म्हणून संशोधनच नको असं म्हणायचं का? तसं म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. गटारात उतरून मेलेल्यांचं सोशल ऑडिट केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानेच करवलं. २०२२ आणि २०२३मधले ५४ मृत्यू तपासले. जुलै २०२५मध्ये ते संसदेपुढं आलं. ५४पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं काहीच नव्हतं. ३८ जण एकेकटे ठेक्यावर आणलेले, सरकारी पगारावर फक्त पाच. हे खातं वर्षानुवर्षं संसदेत सांगत आलं की हाताने मैला उचलण्याच्या कामात कुणी मेलं नाही, मेले ते 'धोकादायक सफाईत'. शब्द बदलला की मढं दुसऱ्या रकान्यात जातं. पण तो कागद आता त्यांच्याच दप्तरात आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. मामांनी तो वाचून घेतला पाहिजे. कोण वाचून दाखवणार? तुम्ही.

बाबासाहेबांनीही सरकारी संशोधन केलंय. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींची परिस्थिती तपासायला स्टार्ट समिती नेमली, त्यात बाबासाहेब सभासद होते. १९२९ साली ते खानदेशात एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला परतले. स्टेशनावर टांगे उभे होते, पण महाराला बसवून नेईना एकही टांगेवाला. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने हाकला, ज्याला हाकता येत नव्हतं. नदीच्या पुलावर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. हीच लाइन आहे, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, देवळाली, मुंबई. बहिष्काराची चौकशी करणारा बॅरिस्टर स्वतःच बहिष्कृत! त्याला प्रश्नावली लागली नाही. समितीचा अहवाल मार्च १९३०चा, आणि त्याच महिन्याच्या २ तारखेला इथं नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. तिकडं कागद, इकडं रस्ता. बाबासाहेबांनी दोन्ही हातांत धरलं.

आज आपली पोरं पीएचडी करतायत. २०२३ साली बार्टीचे संशोधक आझाद मैदानात बसले होते, फेलोशिप सगळ्यांना द्या म्हणून. सरकार २०० जणांवर अडून बसलं होतं. मी पाळी संपवून एकदा त्यांच्याकडं गेलो होतो. एक पोरगी सफाई कामगारांवर प्रबंध लिहीत होती आणि तिचा बाप सफाई कामगार होता. आपल्यावर अभ्यास करणाऱ्याला ठेका मिळतो. आपल्यातला अभ्यास करायला लागला की त्याला मैदान मिळतं.

आता बंदरातली एक गोष्ट सांगतो आणि बसतो. जहाजातून सुटा माल उतरतो तेव्हा मोजणी दोघं करतात. एक टॅली क्लार्क जहाजाचा, एक धक्क्याचा. दोघांचे कागद जुळले तर सही, नाही जुळले तर वाद. एकट्याच्या मोजणीवर कुणी माल सोडत नाही. आपल्या बाबतीत आजवर एकच टॅली आहे, त्यांची.

तेव्हा यापुढं दारात फॉर्म आला तर हाकलू नका. विचारा, कुठलं खातं, किती रुपयांचा ठेका, रिपोर्ट मराठीत वस्तीत कधी आणून देणार. त्याचं नाव लिहून घ्या, आपल्या उत्तराचा फोटो काढा. ते दुय्यम. आपली टॅली पहिली. मी बारा वह्या आणल्यात. ह्या कॅम्पात सफाईच्या ठेक्यावर किती जण, पगार किती हातात पडतो, हातमोजे मिळाले का, आजारी कोण, गेल्या दहा वर्षांत गेलं कोण. रकाने मोठे आखलेत, "कंच्या आठवड्यात" असं कुणी म्हणालं तर तेही त्यात मावेल. सभा संपली की बारा जण थांबा. मामा, पहिलं घर तुमचं.