झुडपी जंगल आणि डोक्यावरचे छप्पर

जमिनीवर काय उगवते यापेक्षा दप्तरात तिच्यापुढे काय लिहिले आहे, यावरच पुष्कळदा तिचे भवितव्य ठरते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदपत्रांत ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आढळते. नोंद दोनच शब्दांची आहे. परंतु त्या दोन शब्दांखाली कोठे कोणाचे राहते घर आहे, कोठे शाळा आहे, कोठे गायरान आहे, तर कोठे खरोखरीच पळस-बोरीचे रान आहे. अशा जमिनीवर घरे उठावीत, की ती मोकळी व हिरवी राहावी, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या रहिवाशांना दीर्घकाळ छळीत आला आहे. त्यांची मते कोणती, ती एकमेकांवर का आदळतात, आणि ती ऐकून घेण्याची योग्य रीत कोणती, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे कर्तव्य आहे.

झुडपी जंगल म्हणजे दाट अरण्य नव्हे. मालगुजारीच्या काळी गावाच्या कडेला जी निकृष्ट, खडकाळ, नांगराला न मानणारी जमीन असे, तिच्यावर आपोआप माजलेल्या झुडपांवरून हे नाव पडले. तेथे गुरे चरत, कुंपणाला काटे मिळत, चुलीला सरपण मिळे. गावकऱ्यांच्या या वहिवाटीला त्या प्रांतात ‘निस्तार’ म्हणत. मध्यप्रांतात १९५० साली मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा झाला आणि अशा जमिनी सरकारजमा झाल्या. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, परंतु दप्तरातील नोंद मात्र जशीच्या तशी राहिली. ती तपासून दुरुस्त करण्याचे काम व्हावयास हवे होते, ते झाले नाही.

तोपर्यंत या शब्दांनी कोणाचे फारसे बिघडवले नव्हते. १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा आला आणि वनाची जमीन दुसऱ्या कामास लावण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घेणे आवश्यक झाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदलेली असेल, ती कोणाच्याही मालकीची असो, तिला हा कायदा लागू होईल, असा तो आदेश होता. देशातील अरण्ये वाचविण्याच्या दृष्टीने तो आदेश अत्यंत मोलाचा ठरला. परंतु पूर्व विदर्भात त्याचा परिणाम चमत्कारिक झाला. कोणे एके काळी झुडपांचे वर्णन म्हणून लिहिलेला शब्द एका दिवसात निषेधाज्ञा बनून बसला. आणि तो बसला तेव्हा त्या जमिनीवर वस्त्या, कचेऱ्या, दवाखाने आणि स्मशाने केव्हाच उभी राहिली होती.

आता रहिवाशांच्या मतांकडे वळावे. पहिला वर्ग अशा जमिनीवर घर बांधून राहिलेल्यांचा. त्यांच्यापैकी कित्येकांना ती जागा सरकारी अधिकाऱ्यांनीच दिलेली आहे. त्यांचे म्हणणे असे की, जेथे आमची दुसरी पिढी जन्माला आली, तेथे जंगल आहे हे आम्हास कागद उघडल्यावर कळले. मालकीचा निर्वेध कागद नाही, म्हणून कर्ज नाही. आणि कर्ज नाही, म्हणून कुडाच्या भिंतीची वीट होत नाही. या तक्रारीला उत्तर देणे सोपे नाही.

दुसरा वर्ग घर शोधणाऱ्यांचा. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे; १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून त्याच्या मुख्य ठिकाणी कचेऱ्या, शाळा आणि माणसे वाढत गेली, पण पाय पसरावयास जागा वाढली नाही. चंद्रपूरची कोंडी निराळी. २०११ च्या जनगणनेत या शहरात सव्वातीन लाखांच्या आसपास लोक होते. पश्चिमेस इरई नदी व तिचा पूर, भोवती कोळशाच्या खाणी, उत्तरेस औष्णिक वीजकेंद्र, त्यापलीकडे ताडोबाकडे जाणारे जंगल. आणि मध्यभागी गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आतील जुनी, गच्च वस्ती. अशा शहरात जो भाड्याच्या एका खोलीत संसार करतो, त्याला झुडपांची मोकळी जागा पाहून हिरवळ आठवत नाही, घर आठवते. त्याला स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल.

तिसरा वर्ग मोकळ्या जागेचा कैवार घेणाऱ्यांचा. तोही केवळ हौशी लोकांचा नाही. चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या देशात कुप्रसिद्ध आहे. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हा सावलीची किंमत कोणाला शिकवावी लागत नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या मोजमापाने प्रतवारी लावली, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ इतके गुण मिळून ते अतिप्रदूषित स्थळांच्या अग्रभागी जाऊन बसले. त्याच वर्षी शहराजवळच्या लोहारा जंगलात कोळशाची खाण निघण्याचा घाट होता. नागरिक रस्त्यावर आले, उपोषण झाले, आणि ताडोबाच्या वाघांच्या वाटेवरील ते जंगल केंद्र सरकारने खाणीस दिले नाही. ज्यांनी हे पाहिले, त्यांना एकेक झुडूप राखण्याचा आग्रह धरावासा वाटला, तर त्यात नवल नाही. याच बाजूला गुराखीही उभा आहे. त्याचे नाव कोणत्याच सात-बाऱ्यावर नसते, पण त्याची गुरे मात्र याच जमिनीवर जगतात.

चौथेही एक मत आहे, आणि ते शहरातील वृक्षप्रेमींना कडू लागते. २०२२ साली दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. घराच्या परसापर्यंत आलेली झाडी ज्या आईला रात्री भय दाखविते, ती ‘झुडपे तोडा’ म्हणाली, तर तिला निसर्गद्रोही ठरविण्याचा अधिकार सुरक्षित सदनिकेत राहणाऱ्याला कसा पोहोचतो?

या सर्व मतांवर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने एक मर्यादा घातली. झुडपी जंगल हे वनच होय, हे न्यायालयाने कायम केले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी अधिकृतपणे वाटल्या गेल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावेत, आणि त्यांवर भरपाईच्या वृक्षारोपणाचा बोजा टाकू नये, अशी मोकळीक दिली. त्यानंतरच्या वाटपांची निराळी छाननी व्हावी, नियम मोडून जमिनी देणाऱ्या अधिकाऱ्यांना जाब विचारावा, आणि जे तुकडे अद्याप कोणास दिलेले नाहीत ते संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत, असेही सांगितले. सुमारे ८६,००० हेक्टरांचा हा प्रश्न होता. न्यायालयाने घर आणि झाड या दोघांचीही बूज राखण्याचा यत्न केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु न्यायालय तारीख ठरवू शकते. एखाद्या गावाच्या कडेचा अमुक तुकडा गावाला कशासाठी हवा आहे, हे त्या गावावाचून दुसरे कोणी ठरवू शकत नाही.

गावाला विचारण्याची जी रीत शहरांतून रूढ आहे, ती मोठी तोकडी आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात मंजूर आराखड्यातील एखादे मैदान किंवा उद्यान निवासी भागात घालावयाचे असेल, तर सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती मागविण्याची तरतूद आहे. कायद्याने विचारले खरे. पण सूचना राजपत्राच्या भाषेत असते, नकाशा कचेरीच्या भिंतीवर असतो, आणि ज्याचे अंगण जावयाचे तो दिवसा कामावर असतो. शिवाय विचारणा होते ती मनसुबा पक्का झाल्यावर. अशा वेळी रहिवाशाला ‘हरकत’ घेण्यापलीकडे काही उरत नाही. ‘मत’ देण्याची वेळ टळून गेलेली असते.

तथापि रहिवासी अगदीच निराधार नाही. बंगलोरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहास दिली गेली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उद्यान हे वसाहतीतील लोकांच्या आरोग्याचे साधन आहे, व ते राखण्यासाठी दाद मागण्याचा त्यांना अधिकार आहे, असा निर्वाळा दिला.

पण खटल्याच्या अलीकडची, अधिक सुसंस्कृत अशी एक रीत गडचिरोली जिल्ह्यातच पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वश्रुत आहे. तिच्यातील आवेशापेक्षा तिच्यामागची शिस्त अधिक पाहण्यासारखी आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला, तर प्रश्न पुढच्या सभेवर जातो. सभेखेरीज अभ्यासगट निराळा. तो बाहेरच्या जाणकारांना बोलावतो, माहिती गोळा करतो, पण निर्णय करीत नाही. निर्णय सभेचा, आणि सभेत स्त्रियांचे स्थान पुरुषांइतकेच. २००९ साली वनहक्क कायद्याखाली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आणि २०१३ साली गावकऱ्यांनी आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामदान कायद्यानुसार गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. जंगल तोडावे की राखावे, हे ज्यांना तोडल्याचे आणि राखल्याचे दोन्ही परिणाम भोगावयाचे आहेत, त्यांनी येथे ठरविले.

यावर कोणी म्हणेल की पाचशेंचे गाव एका मांडवात बसते, तीन लाखांचे शहर बसत नाही. आक्षेप खरा आहे. सर्वसहमतीची अट शहरात घातली, तर एक हटवादी घरमालक साऱ्या गरजवंतांची घरे अडवून धरील. म्हणून मेंढ्याची नक्कल करून चालणार नाही. तेथील तीन गोष्टी मात्र उचलता येतील. नकाशा रंगविण्यापूर्वी विचारणे ही पहिली. मत मागण्याआधी माहिती देणे ही दुसरी. आणि जो सभेला येऊ शकत नाही, त्याची वाट पाहणे ही तिसरी. शहरातील सुनावणीला हजर राहतो तो बहुधा घर असलेला माणूस. घर नसलेल्याची तेथे खुर्चीच नसते. हिरवळीच्या रक्षणाची सभा जर केवळ घरवाल्यांची राहिली, तर ती पाहता पाहता शेजार नको असलेल्यांची सभा होते.

नुसता नकाशावर हिरवा रंग दिल्यानेही भागत नाही. पुणे महापालिकेत १९९७ साली आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर किती बांधकाम होऊ द्यावे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१५ साली सुमारे ९७८ हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण शासनाने मान्य केले. नागरिकांच्या आग्रहाचा तो विजय होता. परंतु ज्यांची जमीन अडकली, त्यांना आठ टक्के विकासहक्काचा मोबदला अपुरा वाटला, आणि कागदावरच्या हिरव्या टेकडीवर प्रत्यक्षात अतिक्रमणे चढत राहिली. सर्वांच्या सुखासाठी एकाने सोसलेल्या तोट्याची भरपाई सर्वांनी केली नाही, तर आरक्षण टिकत नाही.

स्कॉटलंडचे विद्वान नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. हिंदुस्थानातील अनेक शहरे त्यांनी पायी हिंडून पाहिली. आधी वस्ती नीट पाहावी, रोग ओळखावा, आणि मग शक्य तितकी थोडी चिरफाड करावी, असा त्यांचा उपदेश होता. चंद्रपूर-गडचिरोलीला तो आजही लागू पडतो. प्रत्येक झुडपी तुकडा तेथील माणसांना बरोबर घेऊन एकदा पायाखाली घालावा. जेथे घर आहे, तेथे घराला कागद मिळावा. जेथे चराई, पाणवठा, सावली आहे, तेथे ती राहावी. आणि नव्या घरांसाठी आधी जुन्या वस्तीतील पडीक जागा, ओस पडलेल्या सरकारी चाळी आणि एकमजली कचेऱ्यांवरचे आकाश यांचा हिशेब व्हावा. बांधलेल्या जमिनीवर दाट वस्ती करणे हाच पुष्कळदा मोकळी जमीन वाचविण्याचा उपाय असतो. दाट वस्ती आणि हिरवळ यांचे वैर मानण्याचे कारण नाही.

दप्तरातील एक शब्द कोणी तपासला नाही, म्हणून हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या संशयात राहिली. आता त्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द लिहिला जाईल. तो ‘निवासी’ असो वा ‘संरक्षित’, लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी त्या जमिनीवर जाऊन तेथील माणसांना विचारले होते की नाही, यावर त्या शब्दाचे आयुष्य अवलंबून राहील.